आधी खडक, मग पाणी: नागपूरकरांसाठी पचमढीचे धबधबे पाहण्याचा क्रम

नागपुरात जुन्या माणसांना ‘पचमढीला जाऊन आलो’ असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “मोठ्या महादेवाला का?” विदर्भाची पचमढीशी ओळख अशीच झाली आहे. महाशिवरात्रीला चौरागढावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारे लोक आणि नागपंचमीच्या आधी नागद्वारच्या वाटेने चालणारे लोक, दोन्हीकडे मराठी बोलणारे हजारोंनी भेटतात. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा उन्हाळ्यात सगळं सरकारच पचमढीला हलायचं. म्हणजे ही जागा आपल्याला परकी नाही. तरीही तिथून परतलेल्या दहा जणांना ‘धबधब्यामागचा दगड कसा होता?’ असं विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. पाण्याचे फोटो असतात, पाय भिजल्याची आठवण असते, पण पाणी ज्यावरून पडतं तो कडा नजरेतून सुटलेला असतो.

मी गेली अनेक वर्षं तिथे जातोय. माझं मत असं आहे की पचमढीचे धबधबे समजून घ्यायचे तर सुरुवात खडकापासून करावी लागते. पुढे दोन रात्री आणि तीन दिवसांचा क्रम देतो आहे, तो याच विचाराने लावलेला आहे.

महिना कोणता निवडायचा

पचमढीला पाऊस नागपूरच्या जवळपास दुप्पट पडतो. भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी प्रचंड असतं. पण धुकं इतकं दाट असतं की समोरचा कडाही दिसत नाही. वाटा घसरड्या होतात आणि काही जागा सुरक्षेसाठी बंद ठेवल्या जातात. शिवाय नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वार यात्रेचे. त्या काळात गावात पाय ठेवायला जागा नसते. यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती वाट वर्षातून तेवढेच दिवस उघडते. पण धबधबे आणि खडक निवांत पाहायचे असतील तर ते दिवस सोडा.

माझी निवड सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाऊस उघडलेला, ओढे भरलेले, हवा धुतलेली, आणि कड्यांवर नेच्यांची हिरवी झालर अजून ताजी. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हॉटेलं आणि जिप्सी दोन्ही भरलेल्या असतात, म्हणून दिवाळीच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा गाठा. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी होतं आणि थंडी हाडात शिरते, पण खडकाचे थर त्या कोरड्या उजेडात सगळ्यात स्पष्ट दिसतात. एप्रिल-मेमध्ये नागपूर तापलेलं असताना तिथे बरं वाटतं हे खरं. त्या वेळी धबधब्यांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी: दोन दगडांची ओळख

ही पायरी लोक गाळतात. मी तिला सगळ्यात महत्त्वाची मानतो.

पश्चिम नागपुरात राहत असाल तर सेमिनरी हिल्सवर किंवा सीताबर्डीच्या टेकडीवर जो काळा, घट्ट दगड दिसतो तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाचा तो बनलेला आहे. सह्याद्रीचे कडेही त्याचेच आणि रस्त्यावर पडणारी गिट्टीही बहुतेक त्याचीच. आता कामठीकडे या. तिथला खडक अगदी वेगळा, वालुकाश्म. नदीने आणलेली वाळू थरावर थर बसून, दाबून, घट्ट झालेली. भूशास्त्रात ‘कामठी’ हे या खडकांच्या एका गटाचं नावच आहे. सावनेर, सिल्लेवाडा इथल्या कोळशाच्या खाणी याच कुळातल्या थरांत आहेत.

घरी एक साधा प्रयोग करा. गिट्टीच्या एका ताज्या फुटलेल्या तुकड्यावर चमचाभर पाणी टाका, ते ओघळून जाईल. वालुकाश्माच्या कोरड्या तुकड्यावर टाका, बरंचसं पाणी आत जिरेल. पचमढीच्या डोंगरांचं निम्मं मर्म एवढ्यातच आहे. तिथला डोंगर वालुकाश्माचा आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढचे कित्येक महिने कपारींतून थोडं थोडं सोडत राहतो. म्हणून आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या टेकड्यांवरचे ओहोळ दसऱ्यानंतर आटत जातात आणि पचमढीतल्या काही ओढ्यांना वर्षभर पाणी असतं.

लहान मुलं बरोबर असतील तर हा प्रयोग त्यांच्याकडूनच करून घ्या. माझ्या पुतणीने आठ वर्षांची असताना तो केला आणि नंतर पचमढीत प्रत्येक दगडावर बोट ओलं करून टेकवत फिरली.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: गोंडवन. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ज्या एका विशाल भूखंडात जोडलेले होते त्याला जगभर ‘गोंडवाना’ म्हणतात. हे नाव १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने सातपुड्यातल्या याच खडकांच्या अभ्यासातून पुढे आणलं. गोंडांचा मुलुख म्हणून गोंडवाना. ज्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने नागपूर वसवलं, त्याची गादी देवगडची, आणि देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तुमची गाडी त्याच जिल्ह्यातून जाणार आहे.

रस्ता: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया

रेल्वेने जायचं तर नागपूरहून इटारसी आणि तिथून जबलपूरच्या मार्गावर पिपरिया. पिपरियाहून पचमढी पन्नास किलोमीटरच्या आसपास, बस आणि जीप मिळतात. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांना हा मार्ग सोयीचा.

पण खडक पाहायला निघालात तर गाडीने छिंदवाड्यावरून जा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात. थांबत गेलं तर सात तास धरा. पहाटे साडेपाचला नागपूर सोडा. सावनेरनंतर काळी जमीन आणि संत्र्यांच्या बागा लागतात. सौंसरपर्यंत दुकानांत मराठीच ऐकू येते, आणि या सौंसरच्या नावानेही खडकांचा एक गट ओळखला जातो. रामटेक-मनसर पट्ट्यातलं मँगनीज त्याच गटातलं. पुढे सिल्लेवानीचा घाट. तिथे घाई करू नका, वळणं तीव्र आहेत आणि ट्रक भरपूर असतात.

छिंदवाड्यानंतर परासिया. हा कोळशाचा पट्टा, म्हणजे आपण पुन्हा गोंडवनाच्या खडकांवर आलो. परासियाच्या पुढे रस्ता तामियाकडे चढू लागतो आणि इथे एक गोष्ट घडते जी कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते. आतापर्यंत वाटेत भेटलेलं पाणी कन्हान आणि पेंच नद्यांचं होतं. या दोन्ही नद्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून आपल्याकडे येतात, नागपूरच्या नळांना येणारं पाणी त्यांचंच. तिथून ते वैनगंगेला, मग गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. तामियाचा कडा ओलांडल्यावर मात्र ओढे उत्तरेला वळतात: दूधी, देनवा, तवा आणि शेवटी नर्मदा. ते पाणी अरबी समुद्रात. मी तामियाला पोहोचलो की गाडी बाजूला लावतो आणि बरोबरच्यांना दोन्ही दिशा दाखवतो.

तामियाच्या विश्रामगृहाजवळून खोल दरी आणि तिच्या पलीकडे महादेवाच्या डोंगररांगा दिसतात. चहा इथेच घ्या. जवळच पातालकोट आहे, भारिया आदिवासींची गावं असलेली खोल दरी. पण ती स्वतंत्र दिवसाची जागा आहे. जाता जाता ‘उरकून’ घेऊ नका.

तामिया ते मटकुली जंगलाचा रस्ता. इथे सागवान आहे. मटकुलीपासून पचमढीचा घाट सुरू झाला की झाडं बदलू लागतात आणि वर साल दिसायला लागतो. साग आणि साल ही दोन्ही मोठी जंगलं या भागात एकमेकांना भेटतात. खिडकी उघडी ठेवा. सालाच्या जंगलाला ओलसर, गोडसर वास असतो.

पोहोचल्यावर पहिलं काम परवान्याचं

पचमढीचा मोठा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं. पचमढी आणि बोरी ही अभयारण्यं त्याला लागून आहेत. १९९९ मध्ये हा सगळा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात आला. याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की बी फॉल, अप्सरा विहार, रजत प्रपात, धूपगढ अशा जागी आपल्या मर्जीने गाडी नेता येत नाही. बायसन लॉजमध्ये वन विभागाची खिडकी आहे, तिथे शुल्क भरून परवाना घ्यायचा आणि नोंदणीकृत जिप्सी करायची. मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा.

बायसन लॉजमध्ये आलातच आहात तर अर्धा तास थांबा. ही पचमढीतल्या सगळ्यात जुन्या इमारतींपैकी एक, कॅप्टन जेम्स फोर्सिथच्या काळातली. फोर्सिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी या पठारावर आला होता. आत संग्रहालय आहे. तिथे जंगलाची ओळख करून घेतली की दुसऱ्या दिवशी गाईडला नेमके प्रश्न विचारता येतात.

जिप्सी ठरवताना एक गोष्ट आधीच बोलून घ्या. नेहमीचा ‘सात पॉइंट, नऊ पॉइंट’ हिशेब आपल्याला नको. “भैया, पॉइंट कम करेंगे, पर हर जगह ज्यादा रुकेंगे,” एवढं सांगितलं तरी पुरतं. थांबण्याच्या वेळेचे पैसे वेगळे लागणार का, तेही तिथेच विचारून टाका. चांगला गाईड मिळाला तर तो तुमच्या उत्साहाने स्वतः खुलतो. मला एकाने रस्त्याच्या कडेला ओल्या कपारीत वाढलेला वृक्षनेचा दाखवला होता, माणसापेक्षा उंच. नागपूरच्या कॉलेजांतले वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या इथे सहलीला येतात ते याच नेच्यांसाठी.

पहिली संध्याकाळ: जटाशंकर

प्रवासाने अंग आंबलेलं असतं, म्हणून पहिल्या संध्याकाळी लांब चाल नको. जटाशंकर गावाला लागूनच आहे. पायऱ्या उतरत गेलं की दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत जातात आणि वर आकाशाची एक पट्टी उरते. डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये अडकलेले प्रचंड शिळाखंड दिसतात.

इथे उभं राहून पहिला धडा घ्या: भेगा. पचमढीचा वालुकाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा. एवढ्या काळात जमिनीच्या ताणाने त्याला उभ्या, सरळ भेगा पडल्या. पाणी वाट शोधतं ते या भेगांतून. भेग रुंदावत घळ होते, घळीच्या भिंतींतून ठोकळे सुटून खाली येतात आणि काही मध्येच अडकतात. जटाशंकर, हांडी खोह, गुप्त महादेवाची आडवं होऊन शिरावं लागणारी फट, या सगळ्या जागा भेगांच्या. एकदा हे डोळ्यांत बसलं की पुढचे दोन दिवस तुम्ही आपोआप भेगा शोधत राहाल.

हे देवस्थान आहे. दगड पाहतानाही पूजेला आलेल्यांच्या आड येऊ नका, गाभाऱ्यात फ्लॅश नको. वाटेवर जडीबुटी विकणारे बसतात. जंगलातून आणलेली मुळं-कंद विकत घेऊ नये असं मला वाटतं.

वेळ उरला तर पांडव गुंफा. वालुकाश्मात कोरलेल्या या पाच खोल्यांवरूनच गावाला ‘पाँच मढी’ असं नाव पडलं असं सांगतात. वर चढून दोन मिनिटं पठाराकडे नजर टाका, मग मुक्कामी जा. लवकर झोपा.

दुसरी सकाळ: बी फॉल

दार उघडल्याबरोबर पहिल्या गाड्यांत असा. दहानंतर बी फॉलच्या पायऱ्यांवर गर्दीची रांग लागते. याचं दुसरं नाव जमुना प्रपात. याच ओढ्याचं पाणी पचमढीला पिण्यासाठी जातं, म्हणून वरच्या अंगाला साबण, शाम्पू, कपडे धुणं यातलं काहीही करू नका. लोक करतात, मी पाहिलं आहे, आणि दर वेळी थांबवण्याचा प्रयत्न केला आहे.

खाली उतरायला पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि उतरताना जेवढं सोपं वाटतं त्याच्या तिप्पट दम चढताना लागतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी वरच्या कुंडापाशी थांबावं, तिथेही पाणी सुंदर आहे. काठी जवळ ठेवा. चपला नकोत, तळव्याला रेघा असलेले बूट हवेत.

खाली पोहोचलात की लगेच पाण्यात जाऊ नका. पाच मिनिटं धबधब्याच्या बाजूच्या कोरड्या कड्याकडे बघा. त्यावर आडव्या रेषा आहेत, हे थर. एकेका थराच्या आत पुन्हा बारीक रेषा आहेत आणि त्या तिरप्या आहेत. प्राचीन नदीच्या पात्रात वाळूचे ढीग पुढे सरकत गेले, त्यांच्या उताराच्या या खुणा. रेषा ज्या बाजूला खाली झुकते त्या बाजूला ती नदी वाहत होती. म्हणजे तुमच्यासमोर आजचं पाणी पडतंय आणि त्याच्या मागच्या भिंतीत २४ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीच्या प्रवाहाची दिशा नोंदलेली आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

थरांत मधूनमधून गुळगुळीत पांढऱ्या गारगोट्या जडलेल्या दिसतील. गोल झालेली गारगोटी म्हणजे खूप लांबून गडगडत आलेली. लालसर, तपकिरी पट्टे लोहाचे. ते बऱ्याचदा वाळूपेक्षा कठीण असतात, म्हणून पावसाने भोवतालचा भाग झिजला तरी पट्टा पुढे आलेला राहतो. हाताने अलगद स्पर्श करून पाहा, फरक कळतो. पण उकरू नका आणि एकही गारगोटी खिशात टाकू नका. संरक्षित क्षेत्र आहे. इथून दगड, पान, बी, काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे.

अप्सरा विहार ते रजत प्रपात: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सगळ्या पचमढीत एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. दोन तास तरी ठेवा, तीन मिळाले तर उत्तम.

गाडीतळापासून सालाच्या जंगलातून पायवाट उतरते. बोलणं कमी केलं तर शेकरू दिसण्याची शक्यता असते, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. उंच फांद्यांवर नजर ठेवा, झुबकेदार शेपूट आधी दिसतं. पाऊण वाट झाली की पाण्याचा आवाज येऊ लागतो.

अप्सरा विहार म्हणजे एक उथळ कुंड आणि त्यात पडणारा छोटा, रुंद धबधबा. लहान मुलांना पाय भिजवायला ही जागा बरी. तरीही पडणाऱ्या पाण्याच्या थेट खाली खोली वाढते, तिथे त्यांना सोडू नका. पाण्याच्या तळाशी पाहा. पात्रातल्या सपाट खडकावर वाटीसारखे, कुठे रांजणासारखे खळगे दिसतील. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत खडक कोरतात, त्यातून हे होतात. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. ते बेसाल्टमधले, हे वालुकाश्मातले.

आता खरी गोष्ट. याच कुंडातून निघणारं पाणी शांतपणे थोडं पुढे जातं आणि मग एकदम कड्यावरून झेप घेतं. तो रजत प्रपात, १०० मीटरहून जास्त उंचीचा. म्हणजे ज्या पाण्यात तुम्ही आत्ता पाय बुडवले तेच काही मिनिटांत त्या दरीत कोसळणार आहे. बरेच लोक हे लक्षात न घेता दोन वेगळे ‘पॉइंट’ म्हणून पाहतात. माझा आग्रह असा, की कुंडातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या पानाकडे बघा, मग पायवाटेने दहा मिनिटं चालून रजत प्रपाताच्या कठड्यापाशी या.

कठड्यावरून समोर पाण्याची एक सरळ रेघ दिसते. ऊन पडलं की ती चांदीसारखी चमकते, म्हणून नाव रजत. बहुतेक जण रेघेचा फोटो काढून परततात. तुम्ही थांबा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, कड्याचा माथा. पाणी जिथून सुटतं तिथे थर बाहेर आलेला आहे की आत गेलेला? वरचा थर कठीण आणि खालचा त्यामानाने नरम असला की खालचा आधी झिजतो, वरचा छपरासारखा लोंबत राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. असं होत होत धबधबा हळूहळू मागे सरकतो. दरीच्या तळाशी दिसणारे मोठे ठोकळे याच कामाचे.

दुसरी, कड्याचे रंग. लोखंडी लाल, राखाडी, आणि जिथे पाणी झिरपतं तिथे काळपट-हिरव्या उभ्या पट्ट्या. त्या ओल्या पट्ट्यांवर शैवाल आणि नेचे वाढतात. मुख्य धारेपासून दूर, वर कुठलाही ओढा नसतानाही अशा ओल्या पट्ट्या दिसतील. चमचाभर पाण्याचा तो प्रयोग आठवा. डोंगरात जिरलेलं पाणी थराच्या तळाशी अडून असं बाहेर येतं.

तिसरी, समोरच्या भिंतींवरची मधमाश्यांची पोळी. आग्या मोहोळ अशाच उंच, उघड्या कड्यांना लटकतं. दुर्बीण असेल तर काळसर अर्धवर्तुळं स्पष्ट दिसतात. इथे धूर, सिगारेट, मोठा आवाज, तीव्र अत्तर हे सगळं टाळा. मोहोळ उठलं तर कठड्याशी पळापळीला जागा नसते.

फोटोबद्दल थोडं. ढगाळ हवेत किंवा सावलीत पाणी चांगलं येतं, कडक उन्हात ते नुसतं पांढरं फटक होतं. फोन कठड्यावर घट्ट टेकवून धरा. उंचीचा अंदाज यावा म्हणून चौकटीत एखादं झाड राहू द्या. ड्रोन उडवायचा नाही, व्याघ्र प्रकल्पात त्याला मनाई आहे.

पाण्यापाशी वागण्याचे नियम

हिस्लॉप कॉलेजचं नाव नागपुरात कुणाला माहीत नाही? ज्यांच्या नावाने ते आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि नागपूर परिसराच्या भूशास्त्राचे पहिल्या पिढीतले अभ्यासकही. इथले खडक आणि जीवाश्म त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडून गेले. दगड आणि जमीन इतकी ओळखणाऱ्या माणसाला एका नाल्याने नेलं. मी पाण्याच्या काठावर कुणालाही घेऊन गेलो की ही गोष्ट सांगतो.

डोंगरातला ओढा फुगतो तो वर कुठेतरी पडलेल्या पावसाने, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काड्या-पानं वाहून येऊ लागली, आवाज जड झाला, यातलं एकही लक्षण दिसलं की सामान न आवरता आधी वर चढा. ओढा ओलांडून पलीकडे सहल मांडू नका, परतीची वाट तुटते.

दुसरा धोका शेवाळाचा. माझा मावसभाऊ सप्टेंबरमध्ये एका ओढ्यावर कोरड्या दिसणाऱ्या खडकावरून घसरला आणि मनगट मोडून घेतलं. वालुकाश्मावर शेवाळाचा थर इतका पातळ असतो की तो खडकाचाच रंग वाटतो. पाऊल टाकण्याआधी काठीने घासून बघा. डोहात वरून उडी तर कधीच नको, खाली मघाचे तेच तुटलेले ठोकळे असतात. कठड्यावर बसून सेल्फी काढू नका. आणि दारू पिऊन आलेल्या टोळक्यापासून आपली माणसं घेऊन लांब राहा.

दुसरी संध्याकाळ: धूपगढ

धूपगढ १,३५० मीटर उंच आहे, सातपुड्याचं आणि मध्य प्रदेशाचं सर्वोच्च शिखर. सूर्यास्ताला तिथे गर्दी होते. तुम्ही तासभर आधी पोहोचा. तिरप्या उन्हात समोरच्या डोंगरांचे आडवे थर एकेक करून उजळतात आणि दिवसभर जवळून पाहिलेली रचना पहिल्यांदा एकत्र दिसते. सपाट माथे, सरळ तुटलेले कडे, मध्ये खोल घळी. दूर चौरागढाचा माथाही ओळखता येतो. सूर्य बुडाला की वारा झोंबतो. ऑक्टोबरातही स्वेटर आणि कानटोपी लागते.

तिसरा दिवस, परतीच्या आधी

सकाळी हांडी खोह. सुमारे १०० मीटर खोल, जवळजवळ उभ्या भिंतींची दरी. इथे महादेवाने नागाला कोंडल्याची कथा सांगतात. जटाशंकरला भेग आतून पाहिली होती, इथे ती वरून दिसते. पंधरा मिनिटं पुरतात. प्रियदर्शिनी पॉइंट वाटेवर आहे.

मग बडा महादेव आणि गुप्त महादेव. बडा महादेवाच्या गुहेत छतातून थेंब थेंब पाणी टपकत राहतं. वर डोंगर, आत ओल, आता हे का होतं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. गुप्त महादेवात एका वेळी मोजकी माणसं सोडतात. अरुंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरच थांबलेलं बरं.

पचमढीच्या परिसरातल्या कित्येक कपारींत प्राचीन चित्रं आहेत. १९३० च्या दशकात डोरोथी डीप या कपारीत उत्खनन झालं, त्याचा वृत्तांत नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला होता. गाईडबरोबर अशी कपार पाहायला मिळाली तर चित्राला बोट लावू नका. रंग उठून दिसावे म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडणारे महाभाग असतात, त्यांना अडवा. ओला झालेला वालुकाश्म वाळताना क्षार पृष्ठभागावर आणतो आणि त्या क्षारांबरोबर रंगाचे कण सुटतात.

पिशवीत काय असावं

पाणी घरून मोठ्या बाटल्यांत भरून न्या, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. एक छोटी दुर्बीण आणि एक भिंग. भिंगातून वालुकाश्माचे कण पाहण्यासारखे असतात, गोल कण, काचेसारखे कण, त्यांना धरून ठेवणारं लालसर लेपण. क्रेप बँडेज, जंतुनाशक, ओआरएस. पायमोजांचा जादा जोड. पावसाळ्याच्या शेवटी जाणार असाल तर जळवांसाठी मीठ. खाण्याचं उघडं हातात घेऊन फिरू नका, माकडं हिसकावतात. आणि त्यांना मुद्दाम खायला घालणं त्याहून वाईट. कचऱ्यासाठी एक घट्ट बांधता येणारी पिशवी घ्या आणि ती नागपूरला परत आणा. मी येताना वाटेवर पडलेली वेष्टनंही उचलतो, एका फेरीत पिशवी भरते.

दुपारी एकच्या आत पचमढी सोडली तर तामियाच्या कड्यावर उन्हं तिरपी होताना पोहोचता. तिथे पुन्हा थांबा. जाताना नुसती निळी दिसलेली महादेवाची रांग आता वेगळी दिसते. थर ओळखता येतात, भेगांच्या सावल्या कळतात. तिथून छिंदवाडा गाठायला दीड तास धरा आणि सिल्लेवानीचा घाट शक्यतो अंधाराच्या आत उतरा, कारण रात्री ट्रकांमुळे तो संथ होतो. सौंसरला चहासाठी थांबलात तर हंगामात रस्त्याच्या कडेला संत्री मिळतात.